सपरीतली नाकेबंदी

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला पीएच.डी. मिळून चार वर्षं उलटली होती, आणि ती पदवी मला आरमारी युद्धाच्या नियोजनावर मिळाली होती. हे ऐकलं की लोक हसतात. हसोत बापडे. चंद्रावर न गेलेली माणसं चंद्रावर पुस्तकं लिहितात, त्यांना कोणी काही म्हणत नाही.

माझं बालपण भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीत गेलं. घर हायवेला लागून, वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान रस्त्यावर, आणि समोरून दिवसभर ट्रक. आमच्याकडे तलावांना तोटा नाही. पण माझ्या ओळखीचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गावाबाहेरचा तलावच, त्यात म्हशी बसायच्या आणि मासे धरणाऱ्या ढिवरांचे दोन डोंगे फिरायचे. आरमार म्हणून मी पाहिलं ते एवढंच.

मग हा विषय आला कुठून? एम.ए. झाल्यावर मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला लागले आणि नागपूरला एका सरांकडे संशोधनासाठी नाव नोंदवलं. त्या सुमारास तिथल्या ग्रंथालयाला कुणा निवृत्त अधिकाऱ्याच्या घरून पुस्तकांच्या दोन पेट्या दान आल्या होत्या. सगळी पुस्तकं पहिल्या महायुद्धाआधीच्या आरमारांवरची. कुणी हात लावेना. सर म्हणाले, "हा विषय घे. नागपुरात यावर कुणीच काम केलेलं नाही." का केलेलं नाही, हे विचारायचं मला सुचलं नाही. प्रबंध मराठीत लिहायचा, हाही सरांचाच हट्ट.

विषय थोडक्यात सांगते, भिऊ नका. ते महायुद्ध पेटण्याआधीची काही वर्षं इंग्रज आणि जर्मन दोघंही एकमेकांशी समुद्रावर कसं लढायचं याच्या योजना आखत होते. जर्मनांचा हिशेब असा, की इंग्रज जहाजं पूर्वापार रीतीप्रमाणे आपल्या बंदरांच्या तोंडाशी येऊन उभी राहणार, आपल्याला कोंडणार. मग आपण पाण्यात सुरुंग पेरून आणि लहान बोटी सोडून त्यांचं एकेक जहाज टिपू. सगळी तयारी त्यांनी त्यासाठी केली. आणि इंग्रजांनी काय केलं? ते आलेच नाहीत. लांबच राहिले. जर्मन बिचारे दाराआड काठी घेऊन उभे, आणि दारात कोणी नाही.

एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं तेव्हा माझं लग्न झालं. सासर भंडाऱ्यातच, विणकरांच्या मोहल्ल्यात. घरात दोन माग, टसर रेशमाच्या कोशाचं सूत, सकाळपासून खटखट. नवरा वरठीच्या स्टेशनात तिकीट देण्याच्या कामावर, सायकलनं जायचा-यायचा. धाकटा दीर नागपूरला शिकायला. सासरे आधीच गेलेले, म्हणून घर सासूबाईंच्या हाती. आणि सासूबाईंच्या वर आतेसासूबाई, म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. त्या चार घरं सोडून राहायच्या, पण त्यांचा धाक चारही घरांना पुरून उरायचा.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी दोघी सपरीत बसल्या. सपरी म्हणजे आमच्याकडची घरापुढची बसायची जागा, वर कौलं, रस्त्याकडे एक दार. मी आत होते. बाहेर बराच वेळ वाद चालला, शब्द काही कळेनात. मग सासूबाई आत आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "तीन वर्षं. तिसऱ्या दिवाळीपावतर तुझं पुस्तकाचं काम झालं पाह्यजे. नाई झालं तं पुस्तक बंद, कॉलेजही बंद. मंग रहाटावर बसून कांड्या भराच्या. समजलं?"

कांड्या भरणं म्हणजे रहाटाचं चाक फिरवत मागाच्या धोट्यासाठी सूत गुंडाळणं. त्यात वाईट काही नाही, सासूबाई जन्मभर तेच करत होत्या. पण त्या क्षणी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी 'समजलं' म्हटलं आणि मनात ठरवलं, या बाईशी आपलं युद्ध आहे.

युद्ध म्हटलं की योजना आली. मी काही उगीच त्या विषयाची अभ्यासक नव्हते. एक वही केली. तीत शत्रूला 'स.' असं नाव दिलं. खरं तर गुप्त लिपीची काही गरज नव्हती, कारण सासूबाईंना वाचता येत नाही असा माझा समज होता. तरी शिस्त ती शिस्त. 'स. खोलीच्या दारात आली तर: डोकं दुखतं म्हणणे.' 'स. ने स्वयंपाकाला हाक मारली तर: तपासायचे पेपर पुढे करणे.' 'स. रुसली तर: आपणही रुसणे, आधी.' नवऱ्याची नोंद 'तटस्थ राष्ट्र' अशी होती, आणि शेवटपर्यंत तो तसाच राहिला. दोन्हीकडचं जेवला.

माझी खोली मागच्या बाजूला, सुताचे गठ्ठे ठेवायची. भिंतीवर मी उत्तर समुद्राचा हातानं काढलेला मोठा नकाशा लावला. इंग्लंड एका बाजूला, जर्मनी दुसऱ्या, मधे निळी शाई. आणि दाराकडे कान देऊन बसले.

सगळ्यात मोठा धोका होता पाहुण्यांचा. आमच्याकडे कोणी वडीलधारं घरी आलं की सुनेनं डोक्यावर पदर घेऊन बाहेर यायचं, पाया पडायचं, स्वतःच्या हातानं चहा करून द्यायचा, आणि कप रिकामा होईपर्यंत जवळ बसायचं. सुनेच्या हातचा चहा घेतल्याशिवाय पाहुणा उठत नाही. आणि त्या मोहल्ल्यात जवळजवळ प्रत्येक घर नात्यातलं. कोणाची मामी, कोणाची चुलतसासू. रोज चारपाच जणी ठरलेल्या. हिशेब केला तर प्रबंधाऐवजी माझा जन्म चहातच जायचा.

पण नवल असं, की मला हाकच येईना. पहिला आठवडा गेला, महिना गेला. सपरीत बायकांचा आवाज यायचा, सासूबाईंचा रहाट फिरायचा, चहाही व्हायचा, तो सासूबाईच करायच्या. मला कोणी बोलवत नव्हतं. मी योजना आखून दाराआड बसलेली, आणि स. काही येत नव्हती.

शहाण्या माणसानं सुटलो म्हटलं असतं. मी मात्र जळफळले. मला वाटलं, सासूबाईंना माझी लाज वाटते, म्हणून त्या मला लोकांसमोर आणत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे बाहेर बसून माझ्या चहाड्या करतात. कारण मी कॉलेजातून आले की सपरीतलं बोलणं एकदम थांबायचं. बायका माझ्याकडे काहीतरी विचित्र नजरेनं पाहायच्या. किराणा दुकानवाल्याची बायको, आमची शेजारीण, ती तर एकदा मला पाहून चक्क हात जोडून उभी राहिली. ती माझी टिंगल करते आहे असं समजून मी तिच्याशी दोन महिने बोलले नाही.

दुसऱ्या वर्षी सरांनी माझं चौथं प्रकरण परत पाठवलं. समासात लिहिलं होतं, 'इंग्रजांनी बंदराशी उभं राहायची जुनी रीत का सोडली, हे वाचून कळत नाही. समुद्र न पाहिलेल्या माणसानं लिहिल्यासारखं वाटतं.' वाटतं म्हणे! मी ते कागद घेऊन सपरीच्या पायरीवर जाऊन बसले. तेव्हा तिथं एकट्या सासूबाई कांड्या भरत होत्या.

"काहून वो, तोंड काहून पाडलं?" त्या म्हणाल्या.

रागाच्या भरात मी त्यांना सगळं सांगितलं. एक देश, त्याची बंदरं, दुसरा देश त्याला कोंडायला पाहतो. आधी अगदी दाराशी उभा राहायचा, मग मागे सरला, खूप मागे. एवढी शेकडो वर्षांची रीत का सोडली असेल?

सासूबाईंनी रहाट थांबवलासुद्धा नाही. "दाराशी उभं राहून कोनी कोनाले अडवते का? दारातल्या मानसाले आतून गोटा बसते. तुमच्या त्या समुद्रातून भाईर जायले वाटा किती हायेत?"

"दोन. एक अरुंद, दक्षिणेला. एक रुंद, वरच्या अंगाला."

"मंग त्या दोन नाक्यावर बसाचं. दाराशी कायले जाचं? नाक्यावर आपन आपलं सूत कातत बसावं, येणाऱ्या-जाणाऱ्याले तिथंच थांबवावं. आतल्याले पत्ताही लागत नाही."

मी उठले आणि आत जाऊन बारा पानं लिहिली. सरांनी यावेळी समासात 'उत्तम' लिहिलं, आणि खाली 'संदर्भ कोणता?' असा प्रश्न टाकला. मी ती जागा कोरी ठेवली. सासूबाईंनी मला काय सांगितलं ते मी जर्मनीच्या कामाला लावलं. माझ्या स्वतःच्या घराकडे मान वर करून पाहायचं काही मला सुचलं नाही, आणि म्हणे इतिहासाची प्राध्यापिका.

याच प्रबंधात मी अकरा पानं एका इंग्रज आरमारप्रमुखावर खर्ची घातली होती. तो गृहस्थ युद्धाची योजना कुणालाच सांगत नसे, सगळी डोक्यात ठेवत असे. मी त्याला चांगला झोडपला होता. 'एका माणसाच्या डोक्यातली योजना ही योजनाच नव्हे, तो माणूस गेला की हाती काय उरतं?' असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं.

तिसऱ्या वर्षी दिवाळी तीन आठवड्यांवर आली तेव्हा माझं शेवटचं प्रकरण बाकी होतं. आणि बपेऱ्याहून निरोप आला. बपेरा हे सासूबाईंचं माहेर, तुमसरच्या पुढे, मध्य प्रदेशाच्या हद्दीजवळ. त्यांचा भाऊ बैलगाडीवरून पडून पाय मोडून बसला होता. सासूबाईंनी पिशवी भरली आणि मला म्हणाल्या, "मले आठ दिवस लागन. सपरीचं दार लोटून ठेवजो. आन कोनी काही इचारलं तं तू काही सांगू नको. नुसती मान हालवजो."

मी 'बरं' म्हटलं. मनात लाडू फुटत होते. शत्रूचं आरमार आठ दिवस बाहेर! कॉलेजातून रजा टाकली. वहीत वेळापत्रक केलं, रोज पाच पानं, आठ दिवसांत चाळीस, प्रकरण खतम. सासूबाईंची बस सुटली, मी घरी आले आणि आनंदाच्या भरात सपरीचं दार सताड उघडं टाकलं.

अर्ध्या तासात पहिली मामी आली. पाया पडले, चहा केला. ती कपाच्या तळाला पोचते तोवर दुसऱ्या दोघी आल्या. त्या निघता निघता पहिली परत आली, कारण तिनं आपल्या बहिणीला बोलावून आणलं होतं. तीन वर्षांत त्यांनी मला निवांत पाहिलं नव्हतं, त्यामुळे सगळा मोहल्ला थकबाकी वसूल करायला निघाल्यासारखा आला. पहिल्या दिवशी मी एकोणीस कप चहा केला आणि दीड ओळ लिहिली. ती ओळ दुसऱ्या दिवशी खोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारीण आली, तीच हात जोडणारी. बरोबर काळ्या कागदाची गुंडाळी. चहा घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुमची सासू नाही म्हनून इचारतो. लढाई कवा लागन?"

"कोणती लढाई?"

"तेच, जे तुमी आत बसून लिहून राहिल्या. सरकारनं तुमाले काम देल्लं ना, समुद्रातल्या लढाईचं. गुप्त. मी कोनाले सांगतलं नाही, फक्त माझ्या माहेरी सांगतलं. हे पाहा, मी काळा कागद आनून ठेवला. एकाहत्तरच्या वक्ताले आमी खिडक्याईले असाच लावला होता. आता लावू का थांबू?"

ती पुढे बोलतच होती. "मले एक सांगा, जहाज वैनगंगेतून येऊ शकते का?"

मी म्हटलं, "वैनगंगेला उन्हाळ्यात गुडघाभर पाणी असतं."

"तेच मी आमच्या घरी म्हनत होती. उन्हाळ्यात लागली तं बरं. फसन तिथंच." आणि ती समाधानानं उठली.

तर हे असं होतं. गेली तीन वर्षं सासूबाई सपरीत बसून येईल त्या बाईला सांगत होत्या, की सून आत सरकारच्या लढाईचं गुप्त काम लिहून राहिली, भिंतीवर नकाशा आहे, तिला हाक मारणं म्हणजे देशाचं नुकसान. मी गेल्या शतकात जन्मलेल्या आणि कधीच्या मेलेल्या माणसांच्या लढाईवर लिहीत होते, आणि अख्खा मोहल्ला नव्या लढाईची तयारी करून बसला होता. माझ्याकडे पाहून बोलणं थांबायचं ते चहाडीमुळे नव्हे. मी दिसले की त्यांना तोफा दिसायच्या.

मला आधी भयंकर संताप आला. माझ्या विद्वत्तेचा असा तमाशा! मी वहीत 'स. परत आली तर' असं लिहून खाली चार ठिणग्या पाडल्या. तो संताप तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला. मग आतेसासूबाई आल्या.

त्यांनी पाया पडून घेतलं, चहा घेतला, नाव ठेवलं ("साखर कमी हाये"), आणि म्हणाल्या, "दिवाळी आली. झालं का तुझं?"

"एक प्रकरण राहिलंय."

"राहनारच. मी तं पहिल्याच दिवशी म्हनलं होतं, लगीन झालं, आता आजच्या आज कॉलेज सोडाचं. तुझी सासू आयकते का? माझ्यासमोर कधी मान वर नाही केली तिनं तीस वर्षांत, अन त्या दिवशी अडून बसली. तीन वर्षं द्या म्हने. नाही झालं तं मीच तिले रहाटावर बसवतो म्हने. पदर पसरला माझ्यासमोर. मंग मी देल्ले."

त्या गेल्या. मागोमाग आणखी दोघी येऊन गेल्या, त्यांना चहा दिला की नाही तेही आठवत नाही. तीन वर्षं मी ज्या बाईशी युद्ध मांडलं होतं, ती माझ्याच बाजूनं नाक्यावर बसली होती. आणि तिची सगळी योजना तिच्या डोक्यात, म्हणून ती बपेऱ्याला गेली आणि तिसऱ्या दिवशी माझ्या हाती एक कोरं पान होतं. तो इंग्रज आरमारप्रमुख आणि त्याची अकरा पानं आठवली. मला माझीच इतकी लाज वाटली की मी नवऱ्याची वाटही पाहिली नाही. सपरीला कुलूप लावलं, तुमसरची बस धरली, तिथून दुसरी, आणि दुपार कलायच्या आत बपेऱ्यात पोचले.

सासूबाई भावाच्या घरामागे वालाच्या शेंगा तोडत होत्या. भाऊ बाजेवर, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. मला पाहून सासूबाईंच्या हातातला वाल खाली पडला.

"काय झालं? पोरगा बरा हाये ना?"

"सगळे बरे आहेत. आई, तुम्ही लोकांना काय सांगितलं?"

त्यांनी वाल उचलला. "काय सांगतलं? लढाईचं काम हाये म्हनलं. नाही का?"

"अहो, ती लढाई साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची आहे!"

"मी कवा म्हनलं नवी हाये? त्याईनं इचारलंच नाही."

"आणि सरकारचं काम?"

"इद्यापीठ कोनाचं हाये?"

"आणि गुप्त?"

"तू लिहितं ते कोनाले समजते का? मंग गुप्तच झालं."

बाजेवरचा भाऊ इतक्या जोरात हसला की त्याचा मोडका पाय दुखला. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. मी म्हटलं, "आत्याबाईंनी मला सांगितलं. तीन वर्षं तुम्ही मागून घेतली होती. मग मला तसं सांगायचं ना! मी तुम्हाला इतके दिवस काय काय समजत होते."

"माहीत हाये. वाचलं मी."

"काय?"

"ते वही. थे 'स.' म्हनजे मीच ना? लागते मले वेळ, पन वाचतो मी. अक्षर चांगलं हाये तुझं."

जमीन दुभंगून पोटात घेते असं पुराणात लिहिलेलं आहे. बपेऱ्याच्या जमिनीनं तसं काही केलं नाही. मी वालाच्या वेलाकडे पाहत उभी राहिले.

"तुले सांगून काय फायदा होता?" सासूबाई म्हणाल्या. "सांगतलं असतं तं तू ऐसपैस बसली असती. मले भेऊन का होईना, लिहीत तं होती."

"पण तुम्ही हे सगळं कशासाठी केलं?"

त्या शेंगा तोडत राहिल्या. भाऊच बोलला. "हे चौथीत होती. शाळेत पहिला नंबर. परीक्षा तुमसरले. मास्तर दोन पोरं अन हिले घेऊन बैलबंडीनं जानार होता. सकाळी निघाची वेळ, आन पाव्हने आले. आई म्हने, पाव्हन्याईले चहा करून दे, मंग जाजो. हिनं चहा केला. तेवढ्यात आनखी दोघं आले. अजून चहा केला. मास्तरनं दोनदा हाक मारली. मंग बंडी गेली."

"जाऊ दे ना रे," सासूबाई म्हणाल्या. "चूल ओली होती, पेटतच नव्हती." इतक्या वर्षांनंतरही त्या चुलीलाच दोष देत होत्या.

भावजयीनं भावाची जबाबदारी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही दोघी परत आलो. घरी पोचल्यावर सासूबाईंनी पाय धुतले, रहाट सपरीत ओढला आणि मला म्हणाल्या, "जा." अकराच्या सुमाराला मामी आली. मी आतून ऐकत होते. "श्श," सासूबाई म्हणत होत्या, "शेवटचं पान हाये. इथंच बसा. दिल्लीहून मानूस येनार हाये न्यायले." दिल्लीचा माणूस ही नवी भर होती. मी खोडून काढावी का याचा विचार केला आणि लिहायला बसले. धनतेरशीच्या आदल्या दिवशी प्रकरण संपलं, तिसरी दिवाळी चुकली नाही.

पुढच्या वर्षी तोंडी परीक्षा झाली. परीक्षक मुंबईचे, जन्म समुद्राकाठी काढलेले. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "तुम्ही समुद्र पाहिला आहे का?" मी 'नाही' म्हटलं. "मग या प्रकरणातलं हे विवेचन, दाराऐवजी नाक्यावर बसण्याचं, इतकं स्पष्ट मी कुठं वाचलं नाही. त्याला संदर्भ दिलेला नाही. कुठून घेतलं?" सरांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्या सासूबाईंकडून." सगळे हसले. परीक्षक हसले नाहीत. ते म्हणाले, "मग तसं लिहा."

लिहिलं, आणि ऋणनिर्देशात वेगळी ओळही घातली. बांधलेली प्रत मी घरी आणली आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. ऋणनिर्देशाचं पान उघडून दिलं. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं. सरांचं झालं, ग्रंथालयाचं झालं, नवऱ्याचं झालं. मग शेवटची ओळ आली: 'ज्यांनी तीन वर्षं सपरीत बसून पाहुणे अडवले आणि या अभ्यासासाठी नाकेबंदी केली, त्या माझ्या सासूबाईंमुळे हे काम पुरं झालं.'

मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. आलं ते माझ्याच.

त्या म्हणाल्या, "हे काहून लिहिलं?"

"खरं आहे म्हणून लिहिलं."

"गुपित फोडलं तू! कोनी वाचलं म्हनजे? आता माझ्या सपरीत कोनी थांबन का?" त्या खरोखर रागावल्या होत्या. "अवो, धाकट्याचं लगीन राहिलं ना अजून. त्याच्यासाठीही मी शिकनारीच पोरगी पाहून राहिली. मंग तिच्या वक्ताले मी काय करू?"

विद्यापीठाच्या प्रतीत ती ओळ आहे. घरच्या प्रतीतली ओळ त्यांनी माझ्याकडून शाईनं खोडून घेतली, दोनदा.

धाकटी जाऊ दोन वर्षांनी आली. ती वकिलीचं शिकत होती. उत्तर समुद्राचा नकाशा काढून आम्ही तिला ती खोली दिली. आतेसासूबाई तेव्हाही हिंडत्याफिरत्या होत्या, आणि आत कोर्टाचं गुप्त काम चालू आहे, हे त्यांना सासूबाईंनी अगदी कानात सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली.

तिच्या पहिल्या परीक्षेच्या दिवशी सकाळी सपरीत चौघं पाहुणे येऊन बसले. धाकटी तयार होऊन बाहेर आली, पाहुणे पाहून थबकली आणि पिशवी खाली ठेवून स्वयंपाकघराकडे वळायला लागली. सासूबाईंनी रहाट सोडला आणि पिशवी उचलून तिच्या हातात दिली. चहा मी केला. तिची नागपूरची बस साडेआठची होती, ती तिला मिळाली.